कॅप्टनला मार्क कोण देणार?

एमडी किंवा एमएसची प्रॅक्टिकल परीक्षा ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना तिचा थाट माहीत असेल. एक लाँग केस, काही शॉर्ट केसेस, मग टेबल व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक, आतले परीक्षक. एक्स-रे वाचा, हत्यारं ओळखा, औषधाचा डोस सांगा. तीन वर्षांचं शिक्षण त्या थोड्या वेळात मोजून मोकळं.

आता या परीक्षेत काय विचारलं जात नाही ते बघा. रात्री तीन वाजता पेशंट बिघडला तेव्हा या डॉक्टरनं वरिष्ठांना फोन केला, की ‘सर चिडतील’ म्हणून सकाळपर्यंत ढकललं? सिस्टर म्हणाल्या ‘डॉक्टर, बीपी पडतंय’, तेव्हा मान वर करून बघितलं का? ड्युटी संपताना पुढच्याला प्रत्येक पेशंटची नीट माहिती दिली, की ‘सगळे स्टेबल आहेत’ म्हणून सटकला? नातेवाइकांना वाईट बातमी बसवून सांगितली, की जिन्यात उभ्या उभ्या?

पेशंट दगावतो तेव्हा अनेकदा घोळ इथेच झालेला असतो. डोस सगळ्यांना पाठ असतो. या गोष्टींना जगभर ‘नॉन-टेक्निकल स्किल्स’ म्हणतात. शिकाऊ डॉक्टरांमध्ये त्या आहेत की नाहीत हे परीक्षेच्या हॉलमध्ये नाही तर रोजच्या कामाच्या जागी कसं मोजायचं, याला चाळीसएक वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू होतो विमानात. पोस्ट जरा लांब आहे, पण आपण सगळे कधी ना कधी पेशंट होणारच आहोत, तेव्हा वाचा.

27 मार्च 1977. टेनेरीफ बेटावरचा छोटा विमानतळ. शेजारच्या बेटावर बाँब फुटल्यामुळे मोठमोठी विमानं इथे वळवलेली आणि त्यात दाट धुकं. धावपट्टीवर दोन जम्बो जेट, एक केएलएमचं आणि एक पॅन अ‍ॅमचं. केएलएमचे कॅप्टन साधे नव्हते. कंपनीत 747 विमान चालवायला शिकवणाऱ्यांमध्ये ते प्रमुख होते. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचा फोटो असायचा. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला या विमानासाठी पास करणारेही तेच. टेकऑफची परवानगी मिळालेली नसताना त्यांनी विमान पळवायला घेतलं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननी ठामपणे ती शंका उडवून लावली आणि तो गप्प बसला. दोन्ही विमानं धडकली आणि 583 माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा अपघात.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 ला, अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान पोर्टलंडला उतरताना चाकांमध्ये बिघाड वाटला म्हणून जवळजवळ तासभर घिरट्या घालत राहिलं. कॅप्टन चाकांच्या चिंतेत बुडालेले. इंधन संपत आल्याचं बाकीच्यांना दिसत होतं, ते बोललेही, पण ‘आत्ता उतरलंच पाहिजे’ असं कुणी ठणकावून सांगितलं नाही. इंधन संपलं, विमान शहराच्या कडेला कोसळलं आणि 10 जणांचा जीव गेला.

दोन्हीकडे कॅप्टन अत्यंत अनुभवी होते. विमान कसं चालवायचं हे कुणी त्यांना शिकवायची गरज नव्हती. कॉकपिटमधल्या ज्युनिअरला जे दिसत होतं ते सीनिअरच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हतं, एवढाच काय तो प्रश्न. 1979 मध्ये नासानं या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1981 पासून युनायटेडनं आपल्या वैमानिकांना रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. ज्युनिअरनं शंका कशी मांडायची आणि कॅप्टननं ती कशी ऐकायची याचं प्रशिक्षण. जुन्या कॅप्टन मंडळींनी आधी भरपूर टिंगल केली, ‘चार्म स्कूल’ म्हणून नाव ठेवलं. टिंगल हळूहळू थांबली, प्रशिक्षण राहिलं.

पण शिकवलं तर ते आलं का, हे तपासायला हवं. म्हणून 1990 च्या दशकाच्या शेवटी युरोपात मानसशास्त्रज्ञ आणि वैमानिकांनी मिळून एक पद्धत बसवली, तिचं नाव ‘नोटेक्स’. सहकार्य, नेतृत्व, परिस्थितीचं भान आणि निर्णय, असे चार भाग. तिचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वभावाला मार्क द्यायचे नाहीत, डोळ्यांना दिसलेल्या वागण्याला द्यायचे. ‘हा माणूस उद्धट आहे’ हे निरीक्षण धरायचं नाही. ‘सहवैमानिकानं इंधनाबद्दल दोनदा सांगितलं, यांनी उत्तर दिलं नाही’ हे धरायचं.

आता हॉस्पिटलात येऊ.

पोर्टलंडचा अपघात झाला त्याच महिन्यात, डिसेंबर 1978 मध्ये, बॉस्टनच्या जेफ्री कूपर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कूपर स्वतः डॉक्टर नव्हते, इंजिनिअर. भूल देताना घडलेल्या आणि टाळता आल्या असत्या अशा 359 घटना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. 82 टक्के घटनांत माणसाची चूक होती, 14 टक्क्यांत यंत्राची. तोवर सगळा भर यंत्रं सुधारण्यावर होता. पुढे स्टॅनफर्डच्या डेव्हिड गाबा यांनी विमानाच्या सिम्युलेटरसारखं भुलीचं सिम्युलेटर बनवलं आणि 1990 च्या सुमाराला कॉकपिटमधलं प्रशिक्षण ऑपरेशन थिएटरमध्ये आणलं.

डॉक्टरांना हे पटलं का? 2000 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पाच देशांतल्या ओटीतल्या हजारावर लोकांची आणि तीस हजारांवर वैमानिकांची पाहणी आली. ‘दमल्यामुळे माझ्या कामावर परिणाम होत नाही’ असं मानणारे वरिष्ठ सर्जन होते 70 टक्के. वैमानिकांत हे प्रमाण 26 टक्के. ज्युनिअरनं सीनिअरच्या निर्णयावर प्रश्न विचारावा की नाही, यावर ‘विचारावा’ म्हणणारे वरिष्ठ सर्जन फक्त 55 टक्के. सगळ्यात बोलका आकडा पुढे आहे. वरिष्ठ सर्जनबरोबर टीमवर्क उत्तम चालतं का, असं विचारलं तेव्हा 64 टक्के वरिष्ठ सर्जन हो म्हणाले. भूल विभागाच्या शिकाऊ डॉक्टरांपैकी हो म्हणणारे किती? 10 टक्के.

ओटी तीच आणि टेबलही तेच. वरून बघणाऱ्याला सगळं छान दिसतंय, खालून बघणाऱ्याला दिसत नाहीये. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही पद्धत शिकाऊ डॉक्टरांपर्यंत पोचली ती स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनहून. अ‍ॅबरडीनच का? कारण ते तेलाचं शहर. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलाच्या फलाटाला आग लागून 167 माणसं मेली होती. दिवसपाळीनं एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती. ही माहिती पाळी बदलताना रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही आणि त्यांनी तोच पंप सुरू केला. वॉर्डातला ‘सगळे स्टेबल आहेत’ आठवा. अ‍ॅबरडीन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ रोना फ्लिन या तेल क्षेत्रातल्या संकटकाळच्या नेतृत्वावर काम करत होत्या, नोटेक्सच्या कामातही त्यांचा हात होता. भूलतज्ज्ञांबरोबर त्यांच्या गटानं एक मोजपट्टी बनवली. 2003 मध्ये ती प्रसिद्ध झाली, नाव ‘अँट्स’. कामाचं नियोजन, टीमवर्क, परिस्थितीचं भान आणि निर्णय असे चार भाग, त्यांचे 15 पोटभाग आणि प्रत्येकाला 1 ते 4 गुण. जे बघायला मिळालं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असं लिहायची सोय. 2006 मध्ये सर्जनसाठी तशीच ‘नॉट्स’ आली.

याच काळात ब्रिटनला दोन प्रकरणांनी हलवून सोडलं. पहिलं ब्रिस्टलचं. तिथल्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशननंतर लहान बाळं दगावण्याचं प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त होतं. स्टीफन बोल्सिन हे भूलतज्ज्ञ वर्षानुवर्षं हे सांगत होते. कुणी ऐकलं नाही, शेवटी ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. 2001 मध्ये इयन केनेडी समितीचा अहवाल आला. 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 बाळं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. अहवालानं ठपका ठेवला तो तिथल्या ‘क्लब’ संस्कृतीवर, म्हणजे आतल्या वर्तुळात असाल तरच तुमचं ऐकलं जाणार. संवाद आणि टीमवर्क हा डॉक्टरी शिक्षणाचा गाभा असला पाहिजे, असंही त्यात होतं.

दुसरं प्रकरण 2005 चं. मार्टिन ब्रोमिली हे व्यवसायानं वैमानिक. त्यांची पत्नी सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, ऑक्सिजन घसरत गेला. अनुभवी डॉक्टर नळी घालायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. एका नर्सनं गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडायचा सेट आणून ठेवला आणि तसं सांगितलं. दुसरीनं आयसीयूत बेड सांगून ठेवला. काय करायला हवं हे त्यांना कळलं होतं. डॉक्टरांना कसं थांबवायचं हे कळलं नव्हतं. तेरा दिवसांनी पत्नी गेली. ब्रोमिलींनी बदला घेण्याच्या मागे न लागता चौकशी मागितली, कारण विमान क्षेत्रात ती आपोआप होते. 2007 मध्ये त्यांनी या विषयावर काम करणारा गट स्थापन केला. आज ब्रिटनमध्ये भुलीचे विद्यार्थी ही केस शिकतात.

म्हणजे काय मोजायचं हे ठरलं होतं. कुठे मोजायचं याचा शोध वैद्यकीय शिक्षणात वेगळ्या वाटेनं चालू होता. अमेरिकेतले जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये एक साधा पिरॅमिड मांडला. तळाशी माहिती असणं, त्यावर कसं करायचं हे ठाऊक असणं, त्यावर परीक्षकासमोर करून दाखवणं आणि टोकाला रोजच्या कामात प्रत्यक्ष करणं. आपल्या बहुतेक परीक्षा तिसऱ्या पायरीवरच संपतात. टोकाची पायरी बघायची तर परीक्षकाला वॉर्डात जायला हवं. 1995 मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी ‘मिनी-सेक्स’ नावाची पद्धत मांडली. शिकाऊ डॉक्टर खऱ्या पेशंटशी बोलतोय, तपासतोय, तेव्हा वरिष्ठानं पंधरा-वीस मिनिटं शेजारी उभं राहून बघायचं आणि लगेच पाच मिनिटं त्याच्याशी बोलायचं. बस्स. वर्षातून अनेकदा, वेगवेगळ्या वरिष्ठांनी.

2005 मध्ये ब्रिटननं नव्या डॉक्टरांच्या पहिल्या दोन वर्षांसाठी हे सगळं देशभर लागू केलं. सोबत नर्स, सहकारी, तंत्रज्ञ यांच्याकडून मतं घेणारी प्रश्नावलीही. आणि मग जे व्हायचं तेच झालं. फॉर्म भरायचा पूर आला. पोरं वर्षाच्या शेवटी सरांच्या मागे ‘एवढ्यावर टिक करा ना’ म्हणत पळायला लागली. जवळजवळ सगळ्यांना चांगलेच मार्क, कारण तोंडावर वाईट कोण लिहिणार? 2010 च्या एका अधिकृत आढाव्यानं मूल्यमापन अति झालंय असं स्पष्ट सांगितलं. 2012 पासून यातल्या बऱ्याच गोष्टींतून गुण काढून टाकले आणि त्यांना ‘देखरेखीखाली शिकण्याचे प्रसंग’ असं रूप दिलं. बघा, बोला, सुधारा. नापास करायचं हत्यार म्हणून वापरलं की माणूस चूक लपवायला शिकतो, हे त्यांना सात वर्षांत कळलं.

आपल्याकडे? अगदीच काही झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं ‘एटकॉम’ हा वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यासक्रम आणला आणि 2019 च्या एमबीबीएस बॅचपासून नवा अभ्यासक्रम लागू झाला. भारतीय डॉक्टरच्या पाच भूमिका त्यात लिहिल्या आहेत: उपचार करणारा, टीमचा नेता आणि सदस्य, संवाद साधणारा, आयुष्यभर शिकणारा आणि व्यावसायिक. 2020 मध्ये कौन्सिल जाऊन नॅशनल मेडिकल कमिशन आलं, अभ्यासक्रम राहिला. कागदावर हे उत्तम आहे.

पण हा एमबीबीएसचा मुलगा पुढे रेसिडेंट होतो आणि खरं शिक्षण तिथे होतं. तिथे तो काय बघतो? राउंडला सरांपुढे कुणी बोलत नाही. ओटीत हत्यार फेकलं गेलं तरी सगळे खाली बघतात. वर्गात शिकलेला संवाद वॉर्डात पहिल्या आठवड्यात विरघळतो. आणि कामाचे तास? केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत ज्युनिअर रेसिडेंटसाठी साधारण आठवड्याला 48 तास लिहिले आहेत. कुठल्याही सरकारी मेडिकल कॉलेजच्या रेसिडेंटला हा आकडा सांगा आणि त्याचं हसणं बघा. तीस तास जागा असलेल्या पोराला ‘सौजन्य’ या रकान्यात 4 पैकी 2 देणं ही मोजमापाची थट्टा आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. आपल्याकडे वागणुकीला मार्क द्यायला सुरुवात केली तर ते मार्क कोण देणार? तेच सर, ज्यांच्या हातात लॉगबुकची सही आहे, थिसिस आहे, इंटर्नल आहे. गावाकडून आलेला, इंग्रजी अडखळणारा, आडनाव ‘वेगळं’ असलेला, किंवा रात्रीच्या ड्युटीवर उलट प्रश्न विचारणारी मुलगी यांना ‘अ‍ॅटिट्यूड बरोबर नाही’ असा शेरा मिळायला किती वेळ लागेल? भीती अनाठायी नाही. पण यावरची उत्तरं वरच्या इतिहासातच आहेत. स्वभावावर शेरा नको, दिसलेलं वागणं लिहा. बघणारा एक नको, अनेक हवेत आणि त्यांत सिस्टर, भूलतज्ज्ञ, लॅबवाले, वॉर्डातले मामा-मावशी, पेशंट यांचाही आवाज हवा. बघणाऱ्यालाही आधी शिकवा. अँट्सची चाचणी घेताना 50 वरिष्ठ भूलतज्ज्ञांना आधी प्रशिक्षण देऊन मगच व्हिडिओ बघून गुण द्यायला सांगितलं होतं. आणि या गुणांवर पास-नापास ठरवू नका.

तरी मुख्य गोष्ट उरतेच.

मागे जाऊन प्रसंग पुन्हा बघा. टेनेरीफमध्ये चुकलं कोण? कॅप्टन. पोर्टलंडला? कॅप्टन. ब्रिस्टलमध्ये बोलणाऱ्याला कुणी ऐकलं नाही? वरच्यांनी. ब्रोमिलींच्या पत्नीच्या वेळी नर्स बोलली, डॉक्टरांपर्यंत पोचलं नाही. प्रत्येक ठिकाणी खालच्याला दिसत होतं आणि वरच्याला ऐकू येत नव्हतं. विमान क्षेत्रानं यातून सरळ धडा घेतला आणि कॅप्टनची परीक्षा सुरू केली. तीस वर्षं उडवणारा कॅप्टनही ठरावीक काळानं सिम्युलेटरमध्ये बसतो आणि त्यानं सहवैमानिकाचं ऐकलं का हेही तपासलं जातं. वैद्यक क्षेत्रानं तीच मोजपट्टी उचलली आणि मुख्यतः ज्युनिअरला लावली. ब्रिटनमध्ये 2012 च्या अखेरीपासून वरिष्ठ डॉक्टरांनाही नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांतून एकदा सहकाऱ्यांचं आणि पेशंटचं मत सादर करावं लागतं. तेवढं तरी आहे. आपल्याकडे युनिट हेडला असं कोण विचारतं?

ज्या रेसिडेंटनं चुकीच्या बाजूला चीर देणाऱ्या सरांचा हात धरला, त्याला आपल्या पद्धतीत मार्क मिळतील की सही अडेल? या प्रश्नाचं उत्तर जोवर ‘सही अडेल’ आहे, तोवर शिकाऊ डॉक्टरांच्या संवादकौशल्याचे कितीही रकाने भरा, उपयोग शून्य.

स्वस्तात काय होऊ शकतं याचं एक उदाहरण आपल्याच देशात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनआधीची चेकलिस्ट 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत तपासली गेली, त्यांत नवी दिल्ली होती. एका पानाचा कागद. त्यात चीर देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असं एक कलम आहे. त्या आठ ठिकाणी मिळून मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. ज्यानं एकदा तोंड उघडून आपलं नाव सांगितलंय, तो पुढे ‘थांबा’ म्हणायची शक्यता वाढते.

म्हणून मागणी साधी आहे. रेसिडेंटला पंधरा मिनिटं शेजारी उभं राहून बघा आणि पाच मिनिटं बोला. त्याला झोपू द्या. आणि वर्षातून एकदा त्याच वॉर्डातल्या रेसिडेंट, सिस्टर आणि इंटर्न्सना निनावी विचारा: तुमचे सर, तुमच्या मॅडम, ऐकतात का? ते उत्तर डीनच्या टेबलावर जाऊ द्या.

डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडे असं काही होतं का, कॉमेंटमध्ये लिहा. हॉस्पिटलचं नाव नको, अनुभव पुरे. आणि जे सीनिअर आहेत त्यांनी लिहिण्याआधी तो 64 आणि 10 चा आकडा एकदा आठवावा.